हरकत असल्यास कळवावे

फेब्रुवारी 2015 मध्ये मुंबई महापालिकेने शहराच्या पुढच्या वीस वर्षांचा प्रारूप विकास आराखडा जाहीर केला आणि लोक नकाशात आपापली घरे शोधू लागले. बऱ्याच जणांना ती सापडली नाहीत. राहत्या इमारतींच्या मधून रस्ते आखलेले होते. वारसा यादीतल्या वास्तूंच्या नोंदी गळाल्या होत्या. कित्येक कोळीवाड्यांना नकाशात हद्दच नव्हती. आरे दुग्ध वसाहतीचा मोठा तुकडा विकासासाठी खुला दाखवला होता आणि रेल्वे स्थानकांच्या आसपास एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) 8 पर्यंत नेण्याचा प्रस्ताव होता. अहवाल इंग्रजीत, मराठी प्रतीची मागणी करावी लागली. हरकती आणि सूचनांसाठी साठ दिवस होते. मुदत संपायच्या तोंडावर, 21 एप्रिलला, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो आराखडा रद्द करून चार महिन्यांत सुधारून आणायला सांगितले. तोवर हरकतींचा आकडा साठ हजारांच्या पुढे गेला होता.

लोकांच्या दबावापुढे सरकार झुकले, अशा बातम्या तेव्हा आल्या आणि त्या खोट्या नव्हत्या. पण साठ हजारांवर हरकती याव्या लागतात, आपले घर, आपली शाळा, आपले मैदान खरोखरच जागेवर आहे हे माणसांना अर्ज लिहून सांगावे लागते, यात कौतुक कसले? ही माहिती आराखडा काढण्याआधी गोळा व्हायला हवी होती, आणि तशी ती गोळा करण्यासाठी कायद्यात कलमही आहे. आपल्याकडे लोकांना विचारत नाहीत असे नाही. विचारतात, पण रेघा मारून झाल्यावर. आणि आराखडा एकदा मंजूर झाला की पुढच्या बदलांबद्दल विचारतात ते इतक्या हळू आवाजात की ऐकू येऊ नये.

कायदा आहे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966. बोलताना सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात. त्यातला क्रम असा. आधी महापालिका किंवा नगरपालिका आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग कलम 25 प्रमाणे शहराची पाहणी होते आणि आज कुठली जमीन कशासाठी वापरली जाते, याचा विद्यमान जमीन वापर नकाशा तयार होतो. त्यावर नियोजनकार पुढच्या वीस वर्षांचे रंग भरतात: पिवळा म्हणजे राहण्यासाठी, हिरवा म्हणजे शेती किंवा मोकळी जागा, आणि मधेमधे शाळा, दवाखाना, बाग, रस्ता यांची आरक्षणे. कलम 26 खाली हा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि इथे पहिल्यांदा सामान्य माणसाला बोलावणे येते. आलेल्या हरकतींची सुनावणी कलम 28 खालची नियोजन समिती घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जाणकार असतात. समितीचा अहवाल सभागृहापुढे जातो, तिथून आराखडा मंत्रालयात, आणि कलम 31 खाली शासन तो मंजूर करते. वाटले तर बदलूनही मंजूर करते.

या साखळीत सगळ्यांचे लक्ष सुनावणीकडे असते. माझ्या मते महत्त्वाचा कागद त्याच्या कितीतरी आधीचा, जमीन वापराचा नकाशा. तो चुकला की पुढचे सगळे चुकते, कारण आराखडा काढणारा माणूस शहर पाहत नाही, तो नकाशा पाहतो. कोळीवाड्यातली मासळी सुकवण्याची जागा त्याला रिकामी जमीन दिसते. मुलांनी तीस वर्षे क्रिकेट खेळून सपाट केलेला तुकडा मालकाच्या नावावर असेल तर तोही मैदान नसून प्लॉट असतो. रस्त्यावरचा आठवडी बाजार गुरुवारचा असला आणि पाहणी सोमवारी झाली, तर तो नकाशात येतच नाही. मुंबईत या नकाशावर 2012-13 मध्ये लोकांनी, वास्तुरचनाकारांनी, वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या संघटनांनी बारीक नजर टाकली होती. ढीगभर चुका दाखवून दिल्या होत्या, कार्यशाळाही झाल्या होत्या. तरीही 2015 चा प्रारूप आराखडा जसा आला तसा आला. आधी विचारले आणि ऐकले नाही, तर निष्पन्न तेच होते. फक्त दोन वर्षे जास्त जातात.

नकाशाच्या आधी माणसांकडे जा, हे काही आजचे शहाणपण नाही. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश गृहस्थ 1914 च्या सुमारास हिंदुस्थानात आले आणि पुढची जवळजवळ दहा वर्षे इथली गावे-शहरे पायी हिंडून त्यांचे अहवाल लिहीत राहिले. मूळचे ते वनस्पतिशास्त्रज्ञ. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्राचे ते पहिले प्राध्यापक झाले. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्यासाठी शेकडो घरे पाडायची इंजिनिअरांची हौस त्यांना पटत नसे. एखाददुसरे पडके घर काढा, विहीर साफ करा, चौकाला झाड लावा, वाट मोकळी होईल आणि माणसेही जागची हलणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे.

होळकरांच्या इंदूरची त्यांची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंदूर दरबाराने त्यांना शहराचा आराखडा करायला बोलावले. गावात प्लेगची भीती होती आणि हातात पट्टी-कागद घेऊन गल्लीबोळांत फिरणाऱ्या या गोऱ्या म्हाताऱ्याचीही होती. हा आला म्हणजे घर पडणार, अशी लोकांची समजूत. गेडिसनी दरबाराकडून एका दिवसाचे महाराजपद मागून घेतले आणि दिवाळीची मिरवणूक काढायचे ठरवले. नेहमीच्या ठरलेल्या रस्त्याने मिरवणूक जाणार नाही, ज्या रस्त्यावरची घरे लोकांनी झाडून, डागडुजी करून, रंगवून सर्वांत नीट ठेवली असतील त्या रस्त्याने जाईल, अशी दवंडी दिली. आठवड्यांत गावातून कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या बाहेर पडल्या. मिरवणुकीत प्लेगचा उंदीर होता, राक्षस होता, शेवटी त्यांचे दहन झाले, आणि झाडूवाले स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, फुलांनी सजवलेल्या गाड्यांसह मानाने चालले. त्यानंतर गेडिसना कोणत्याही गल्लीत कोणी अडवले नाही, उलट लोक आपणहून अडचणी सांगू लागले. 1918 मध्ये इंदूरचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शंभर वर्षांनंतरही आपल्या नगररचना विभागांत गेडिसचे नाव अभ्यासक्रमापुरते आहे.

आता सुनावणीकडे येऊ. मुंबईचा सुधारित आराखडा मे 2016 मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाला, तेव्हा चौऱ्याऐंशी हजारांच्या आसपास हरकती आणि सूचना आल्या. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या 2007-2027 च्या आराखड्यावर 2013 मध्ये सत्त्याऐंशी हजारांवर. आता नुसता हिशेब करा. एका हरकतीला एक मिनिट दिले आणि समिती रोज आठ तास न उठता बसली, तरी चौऱ्याऐंशी हजारांना एकशे पंचाहत्तर दिवस लागतात. म्हणून हरकतींची प्रतवारी करतात, एकसारखे छापील अर्ज एकत्र बांधतात, गटागटाने बोलावतात. प्रत्यक्षात अर्जदाराच्या वाट्याला काही क्षण येतात: नाव, सर्व्हे नंबर, काय म्हणणे आहे, बरे, नोंद घेतली, पुढचे. स्वयंपाक होऊन पाने वाढल्यावर मीठ बरोबर आहे का विचारण्यातला हा प्रकार. ज्याची हरकत स्वतःच्या प्लॉटवरच्या आरक्षणाबद्दल असते तो वकील घेऊन येतो, मोजणीचा नकाशा आणतो, आणि त्याचे काम बऱ्याचदा होते. वॉर्डात एकही मैदान नाही, हे सांगायला आलेल्या बाईंचे म्हणणेही लिहून घेतले जाते. पण ते कुठल्या सर्व्हे नंबरला लावायचे हा प्रश्न उरतोच.

पुण्याच्या त्या आराखड्याचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. महापालिकेच्या सभागृहातून तो वेळेत पुढे सरकला नाही, तेव्हा मार्च 2015 मध्ये शासनाने तो ताब्यात घेऊन विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे दिला, आणि जानेवारी 2017 मध्ये मंजुरी दिली. 2007 साली सुरू व्हायचा आराखडा 2017 साली. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा त्याहून मोठा, शेकडो गावांचा आराखडा ऑगस्ट 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, सदुसष्ट हजारांच्या आसपास हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, आणि 2025 मध्ये शासनाने तो सगळाच मागे घेतला. हरकती लिहिणाऱ्या गावकऱ्यांनी रोजगार बुडवून मारलेल्या फेऱ्यांचे मोल कोणत्याच खात्यात नोंदलेले नाही.

पिंपरी-चिंचवडचा प्रारूप आराखडा मे 2025 मध्ये आला तेव्हा तिथे निवडून आलेले सभागृहच नव्हते. मार्च 2022 पासून महापालिकेवर प्रशासक होता, मुंबई-पुण्यातही तेच. स्थायी समितीचे सदस्य सुनावणीला बसावेत असे कायदा म्हणतो, पण स्थायी समितीच नसेल तर? लोकांच्या बाजूने बसणारी जी तीन माणसे कायद्याने ठेवली होती, तीही त्या काळात खुर्चीवर नव्हती. त्याच आराखड्यात मोशीजवळ कत्तलखान्याचे आरक्षण होते. आळंदी जवळ, वारी तोंडावर. वारकऱ्यांनी विरोध केला आणि मुख्यमंत्र्यांनी ते आरक्षण रद्द करण्याची घोषणा जूनमध्ये केली. बाकीच्या हजारो हरकती रांगेत होत्या. त्यावर अधिक बोलत नाही. संख्या, संघटना आणि मुहूर्त तिन्ही जुळले की सुनावणी लागत नाही, एवढे त्यावरून कळते.

मंजुरीनंतर मात्र लोकांचे लक्ष उडते, आणि बरेचसे बदल होतात ते तेव्हाच. शासनाला आराखड्यात सारभूत स्वरूपाचा फेरबदल करायचा असेल तर तेवढा भाग वगळून त्यावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात; सरकारी भाषेत त्याला ईपी, म्हणजे एक्सक्लुडेड पार्ट, म्हणतात. मंजूर आराखड्यातला बदल कलम 37 खाली होतो. त्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, महिन्याची मुदत असते, सर्व्हे नंबर असतो, आणि वाचणारा बहुधा कोणी नसतो. आरक्षणाची तर आणखी वेगळी गळती आहे. आरक्षित जमीन दहा वर्षांत घेतली नाही तर मालक कलम 127 खाली खरेदी सूचना देतो, आणि कायद्याने ठरवलेल्या मुदतीत महापालिकेने संपादनाचे पाऊल टाकले नाही तर आरक्षण आपोआप संपते. ज्या वस्तीसाठी ते मैदान राखले होते तिला यात हरकत घेण्याची सोयच नाही.

गिरणगावाचे उदाहरण यापेक्षा बोलके दुसरे सापडणार नाही. 1982 च्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्या एकेक करून थंडावल्या. त्यांची जमीन होती सुमारे सहाशे एकर, शहराच्या ऐन मध्यात. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 ने ढोबळ वाटणी ठरवली होती: एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. 1996 मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित विचार करून आराखडा सुचवला. मग मार्च 2001 मध्ये नियम 58 बदलला. तीन हिस्से तसेच राहिले, पण वाटणी गिरणीच्या सगळ्या जमिनीची नव्हे, फक्त तिच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची करायची, असे झाले. गिरणीचे आवार म्हणजे शेड, गोदाम आणि चिमण्या. मोकळी जागा ती किती? शेड पाडल्यावर मोकळी होणारी जमीन मालकाकडे राहिली. शहराला हे कळले ते तीन-चार वर्षांनी, प्रत्यक्ष मॉल आणि टॉवर उभे राहू लागले तेव्हा. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने याचिका केली, ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. गिरणी कामगारांच्या घरांसाठी पुढे म्हाडाकडे दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. त्यांतल्या अनेकांना आता मुंबईबाहेर घर घ्या असे सांगितले जाते. एका नियमातल्या थोड्या शब्दांची ही किंमत आहे.

गोव्यात एकदा उलट क्रम करून पाहिला गेला. तिथला प्रादेशिक आराखडा 2011, जो 2006 मध्ये अधिसूचित झाला, त्यात डोंगरउतार आणि शेतजमिनी वस्तीसाठी खुल्या केल्याचे लोकांच्या लक्षात आले. डॉक्टर, वास्तुरचनाकार, शेतकरी, पाद्री, सगळे गोवा बचाव अभियानाच्या नावाखाली एकत्र आले. डिसेंबर 2006 मध्ये पणजीच्या आझाद मैदानावर मोठी सभा झाली आणि जानेवारी 2007 मध्ये सरकारने आराखडा मागे घेतला. पुढची पायरी मला जास्त महत्त्वाची वाटते. नव्या आराखड्यासाठी जो कृती गट नेमला त्यात चार्ल्स कोरिया आणि एडगर रिबेरो होते. या गटाने गावागावांचे नकाशे पंचायतींकडे पाठवले. गावकऱ्यांनी त्यावर खाजन जमिनी दाखवल्या, झरे दाखवले, देवराया, कुळागरे, पावसाचे पाणी कुठून वाहते ते ओहोळ दाखवले. उपग्रहाच्या चित्रात यातले निम्मेही कळत नाही. पंचायतीच्या खोलीत टेबलावर नकाशा पसरून म्हातारी माणसे बोट ठेवून सांगताहेत, असे नियोजन देशात फार ठिकाणी झालेले नाही.

त्याचेही पुढे सरळ झाले नाही. अंतिम आराखडा आला तेव्हा आम्ही पाठवले ते यात नाही, अशी तक्रार कित्येक गावांनी केली. 2012 मध्ये सरकार बदलले आणि आराखडा स्थगित ठेवला गेला, काही वर्षांनी तो पुन्हा लागू झाला. मग नगरनियोजन कायद्यात एकेक कलम घुसू लागले. 2023 मध्ये आलेल्या 17(2) या पोटकलमाने आराखड्यातल्या अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करण्याचा अधिकार नगरनियोजन खात्याला मिळाला. चुका सुधारायला कोण नाही म्हणेल? पण एकेका मालकाच्या अर्जावरून भातशेती आणि बागायत वस्तीच्या क्षेत्रात जाऊ लागली, तीही गावाला न विचारता. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या पोटकलमाखालचे नियम रद्द ठरवले. गावांनी वर्षानुवर्षे बसून रंगवलेला नकाशा एका पोटकलमाने तुकड्यातुकड्याने पुसता येतो, हे मधल्या दोन वर्षांत गोव्याने पाहिले.

इथवर वाचून कोणाला वाटेल की स्थानिक लोक म्हणतात ते करावे, की झाले. तेवढे सोपे नाही. मुलुंड पूर्वेला महापालिकेने प्रकल्पबाधितांसाठी 7,439 घरांची योजना आखली, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी जोरदार विरोध केला. रस्ते, पाणी, गटारे एवढ्यांना पुरणार नाहीत, हे त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नाही. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत तो मुद्दाही झाला. पण ती घरे ज्यांच्यासाठी होती त्यांना या वादात आवाज नव्हता, कारण ते मुलुंडचे मतदार नव्हते. ते कुठल्यातरी रस्त्याच्या, नाल्याच्या, जलवाहिनीच्या कडेला राहत होते. अशाच माणसांना 2017 पासून माहुलला पाठवले गेले. तिथे सुमारे सतरा हजार घरे बांधून तयार होती, शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने, हवेला वास, अंगाला खाज, श्वसनाचे आजार. तानसा जलवाहिनीलगतच्या विस्थापितांनी रस्त्यावर बसून आंदोलन केले. शेवटी सप्टेंबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की त्यांना तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही आणि दुसरे घर देईपर्यंत महिना पंधरा हजार रुपये भाडे द्यावे. माहुल निवडताना या माणसांना कोणी विचारले नव्हते. नियोजनात हरकत घेण्याचा हक्क ज्याची जमीन आहे त्याला आणि जो आधीपासून तिथे राहतो त्याला मिळतो. ज्याला तिथे नेऊन ठेवायचे आहे तो हरकतदार होऊच शकत नाही.

घराच्या पुनर्विकासात हाच प्रश्न टक्केवारीत मोजतात. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पूर्वी 70 टक्के झोपडीधारकांची संमती लागे. 2018 मध्ये ती 51 वर आली. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी सहकार कायद्याच्या 79 अ कलमाखाली शासनाने 2009 मध्ये जी कार्यपद्धती घालून दिली तिच्यात तीन चतुर्थांशाची अट होती; जुलै 2019 च्या निर्णयाने तिथेही 51 टक्के आले. निबंधकाच्या प्रतिनिधीसमोर विकासक निवडायचा, सभेचे चित्रीकरण करायचे, या अटी चांगल्या आहेत. संमती कमी करण्यामागचे कारणही समजण्यासारखे आहे: एक-दोन अडून बसणाऱ्यांमुळे धोकादायक इमारती वर्षानुवर्षे रखडतात, आणि शेवटी पावसाळ्यात कोसळतात. तरीही सोसायटीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला या सगळ्यात एकही मत नाही, हे सांगायला हवे. आणि धारावी? तिथे तर प्रकल्प सरकारी म्हणून संमतीची अटच नाही. 1 जानेवारी 2000 पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्याला धारावीतच 350 चौरस फुटांचे घर, बाकीच्यांना धारावीबाहेर, असा नियम. म्हणजे तिथल्या माणसाचा एकमेव सहभाग सर्वेक्षण करणाऱ्याला कागद दाखवण्यापुरता. माळ्यावर राहून खालच्या खोलीत चामड्याचे पाकीट शिवणारा तिथला कारागीर या हिशेबात कुठे बसतो, याचे उत्तर नियमात शोधून पाहा.

लोकांना आधी विचारण्याची सोय करायची म्हटली तर कायद्यात जागा आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांना प्रभाग समित्या दिल्या. महाराष्ट्राने 2009 मध्ये महापालिका कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली: काही मतदान केंद्रांएवढ्या भागातल्या सगळ्या मतदारांनी एकत्र बसायचे, गावाला जशी ग्रामसभा तशी शहराला ही. जमीन वापराचा नकाशा अशा सभेत भिंतीवर लावला असता तर सोमवारच्या पाहणीत निसटलेला गुरुवारचा बाजार कोणीही दाखवला असता. पण आपल्या वॉर्डात क्षेत्रसभा भरल्याचे किती वाचकांनी ऐकले आहे? पुण्यातल्या टेकड्यांवरचे 978 हेक्टर जैवविविधता उद्यान हे तर नागरिकांनी हरकतीऐवजी सूचना लावून धरल्याचे उदाहरण. वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला आणि 2015 मध्ये शासनाने ते आरक्षण कायम केले, मालकांना 8 टक्के टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) देऊ केला. जमिनी ताब्यात घेण्याचे काम मात्र अजून बाकी आहे, आणि टेकड्यांवरची बेकायदा बांधकामे थांबलेली नाहीत.

ज्यांच्या शहराचा आराखडा सध्या तयार होतो आहे, त्यांना काही गोष्टी सांगून थांबतो. प्रारूप येण्याची वाट पाहू नका. जमीन वापराची पाहणी सुरू झाल्याचे कळताच नगररचना कार्यालयात जाऊन आपल्या भागाचा नकाशा पाहायला मागा. नाही म्हणाले तर माहितीचा अधिकार आहे. हरकत लिहिताना सर्व्हे नंबर किंवा सीटीएस नंबर, नकाशाचा शीट नंबर आणि आरक्षण क्रमांक पहिल्या ओळीत घाला, सोबत आजच्या वापराचा पुरावा जोडा: फोटो, वीजबिले, शाळेची पटसंख्या, जे असेल ते. आरक्षण नको म्हणत असाल तर ते कुठे हलवता येईल तेही लिहा. पर्याय दिलेली हरकत बाजूला सारायला अवघड जाते. छापील अर्जावर शंभर सह्या घेण्यापेक्षा दहा घरांनी आपापले वेगळे कारण लिहून दिलेले बरे. पोच घ्या, सुनावणीची तारीख मागा, आणि समितीने तुमच्या हरकतीपुढे काय शेरा मारला तो नंतर वाचा. आराखडा मंजूर झाला की कलम 37 च्या सूचनांवर नजर ठेवण्याचे काम सोसायटीतल्या किंवा गल्लीतल्या एका निवृत्त माणसाकडे सोपवा. वर्तमानपत्र ते तसेही शेवटच्या पानापर्यंत वाचतात.